निवळलेला तलाव

२ मार्च
आले एकदाची! तलावाकाठी पाणीपुरवठा खात्याची क्वार्टर मिळाली आहे. दोन खोल्या, आईला सोसेल एवढ्या उंचीचा ओटा आणि खिडकीतून अख्खा तलाव. तलाव कसला, हिरवी रजईच. शेवाळ इतकं दाट की बगळे त्यावरून चालतात. आईने आल्या आल्या नाक दाबलं. पंप चालवणारे नाना म्हणाले, आठवड्यात नाक सरावतं, मग बाहेरची हवाच अळणी लागते. शेवाळ विषारी, म्हणून शहराला महिनाभर टँकरचं पाणी आहे. ते घालवायचं काम माझं. पहिलीच नोकरी आणि थेट तलाव!

५ मार्च
माझे जिवाणू आज पाण्यात सोडले. सहा पिंपं. शेवाळाच्या पेशीवरचं कवच ते विरघळवतात आणि आतलं खातात. शेवाळ संपलं की उपाशी मरतात. प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत तरी मेले होते. नाना होडी वल्हवत होते, मी पिंपाची तोटी सोडत होते. त्यांचे हात कोपरापर्यंत भिजले. म्हणाले, मॅडम, तुमची ही पाळीव मंडळी चावत तर नाहीत ना? हसून हसून मी होडीतून पडायची राहिले.

११ मार्च
तळ दिसतोय! तळातले गोटे मोजता येतील इतकं नितळ पाणी. विषाची चाचणीही निर्दोष. जिवाणू मरेपर्यंत आणखी दहा दिवस थांबायचं ठरलं होतं. पण खात्याचे साहेब म्हणाले, लोक हंडे-बादल्या घेऊन फाटकावर बसलेत, दहा दिवस कसे थांबायचे ते तुम्हीच त्यांना सांगा. पाणी सोडायच्या कागदावर मी सही केली. दुपारी पाणी सुटलं. आई पहिला पेला पिऊन म्हणाली, गोड आहे गं.

१५ मार्च
हजेरीच्या मशीनने नानांचा अंगठा घेतला नाही. त्यांनी तीनदा पुसून लावला. म्हणाले, वीस वर्षांची ओळख, आणि मेलं ओळख दाखवत नाही. मी अंगठा पाहिला. एकही रेघ नाही. धुतलेल्या गारगोटीसारखा. दुखतं का विचारलं, तर म्हणाले, काहीच होत नाही. टाचणी टोचली तरी काहीच नाही.

१६ मार्च
मासे काठाशी आलेत. जिवंत आहेत, पण अंगावर एक खवला नाही.
नानांच्या तळहाताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. माझेच जिवाणू. शेवाळ संपलं, पण ते मेले नाहीत. दुसरं कवच शोधलं त्यांनी.
साहेबांकडे धावले. पाणी बंद करा म्हटलं. त्यांनी माझ्या सहीचा कागद पुढे सरकवला. एवढ्या उकाड्यात त्यांनी हातमोजे घातले होते.

१८ मार्च
आईने उकळतं भांडं नुसत्या हातांनी उतरवलं. सांडशी समोरच होती. गरम नाहीच गं, म्हणाली. तळव्यांची साल भांड्याला— मी किंचाळले. तिला कळेचना मी का रडतेय.
दवाखान्यात रांग. सगळ्यांचे हात असेच. डॉक्टरांनी आईच्या नाडीवर बोटं ठेवली. बराच वेळ. मग स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिले.

१९ मार्च
नाना आणि मी मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. साहेबांना न विचारता. चाक पकडीत येईना, हात घसरत होते. शेवटी कोपर अडकवून— झाला बंद. पण घराघरातल्या टाक्या भरलेल्या आहेत. गाडी घेऊन गल्लोगल्ली भोंग्यावरून ओरडले, पिऊ नका, हात लावू नका. एक बाई खिडकीतून म्हणाली, आठ दिवस पितोय, आता सांगतेस?

२० मार्च
माझाही अंगठा—
नाना विचारत राहिले, मॅडम, दिवे गेले का? सकाळचे दहा वाजले होते. त्यांच्या डोळ्यांवरचा तो पातळ पडदाही—

२१ मार्च
आई बोलत नाही. जीभ सापडत नाही, असं खुणेने—
फाटकावर माणसं. आरडाओरडा नाही. नुसते हात वर धरून, मला दाखवताहेत.
दार लावलं आहे का? कडीवर हात ठेवला, पण—
पेन बोटांत आहे की नाही, हे बघितल्यावरच कळतं. आत्ता बघितलं तर