पाठीवरचे आठ चौकोन

सातपूर, नाशिक
१० फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर आल्हादचा विषय निघाला की आपण बापलेक दोघंही गप्प होतो, म्हणून कागद घेतला.

काल विश्वेश पंचवटीहून मुद्दाम आला होता. तुझा भाऊ गेल्यापासून त्याचे मित्र आपल्या घराची पायरी चढत नाहीत, त्यामुळे बरं वाटलं. पण पोरगा आला होता तुझी तक्रार घेऊन! तुमचा तो रविवारचा खेळ, विश्वेश चालवतो तो, ज्यात तुम्ही ऐन तिशीत आपापलं पात्र करून भाले-तलवारी घेऊन कागदावरच्या गुहांतून हिंडता, त्यात आल्हादचं पात्र, तो वैद्य, सहा महिने बेशुद्ध आहे आणि तू त्याला पाठीवर घेऊन चालली आहेस म्हणे.

तो मला ओझ्याचा नियम समजवायला लागला. मी म्हटलं, बाबा रे, तो नियम माझाच आहे. आल्हाद पूर्वी भाकरीचं, दोराचं, सगळ्याचं वजन मांडत बसायचा. मीच त्याला सांगितलं, की कंपनीच्या स्टोअरमध्ये पस्तीस वर्षं काढली, तिथे हमाल वजन विचारत नाही. एका हातानं उचलेल, दोन्ही हातांनी, की पाठीवर घ्यावं लागेल, एवढंच बघतो. त्यावरून त्यानं प्रत्येकाला दहा चौकोन आखून दिले. एका हाताची वस्तू एक चौकोन, दोन हातांची दोन, आणि पाठीवरचा माणूस आठ. दहाही भरले की पळता येत नाही.

तुझे दहाही भरलेत. आठ वैद्याचे, दोन भाल्याचे. भाकरी टाकलीस, दिवाही टाकलास. गेल्या खेपेला तुझ्यासाठी मागे थांबून तुमच्यातल्या रोशनीची तिरंदाज मेली. रोशनी आता खेळच सोडते म्हणते. मागे शत्रू आहे, पुढे दोरांचा पूल. बाळा, त्याला खाली ठेव. आल्हादनं जमवलेली माणसं अशी पांगू देऊ नकोस.

कुसुमआत्या रोज डबा पाठवते, माझी काळजी नको. लोभ आहेच, तू तेवढी वेळेवर जेवत जा.
तुझे बाबा

नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि. ‘ऐन तिशीत’ वाचून हसले आणि पुढे वाचवेना.

विश्वेश चुगलखोर आहे, पण खोटं बोलला नाही. दर रविवारी ठरवते, आज ठेवायचं. मग व्हिडिओवर विश्वेश विचारतो, तुझी भालेवाली काय करते? आणि माझ्या तोंडून निघतं, उचलते. बाबा, चांदवडजवळ अपघात झाला तेव्हा आल्हादला रस्त्यावरून अनोळखी माणसांनी उचललं. मी पोचले तोवर तुम्ही सगळे स्मशानातून परतला होतात. मला त्याला एकदाही हात लावायला मिळाला नाही. निदान कागदावर तरी उचलू दे.

आणि हे तुम्ही मला सांगावं? आत्यानं तुमचं कपाट आवरताना फडक्यात बांधलेला तांब्याचा गडू पाहिला. अस्थी सोडल्या असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. देशभरातून लोक रामकुंडावर येतात, आपल्याला तर रिक्षानं अर्धा तास. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

रागात लिहिलं, क्षमा करा. बीपीची गोळी चुकवू नका. राग गेला की माया उरतेच, ती असू द्यावी.
तुमची मृण्मयी

सातपूर, नाशिक
२५ फेब्रुवारी २०२५

चि. मृण्मयीस,
आशीर्वाद. वि. वि. तू लिहिलंस ते बरोबर आहे. त्याला स्मशानात नेण्याआधी तुझी वाट बघायला हवी होती. लोक घाई करत होते आणि मला काही सुचत नव्हतं. हे मी तुझ्याजवळ कधी बोललो नाही.

काल गडू घेऊन रामकुंडावर गेलो. पायरीवर दोन तास बसलो. शेजारी कुठलंसं कुटुंब आलं, सोडून गेलंसुद्धा. मी गडू पिशवीत घालून घरी परत आणला.

येताना विश्वेशकडे उतरलो. विचारलं, एका माणसाला दोघांनी उचललं तर किती चौकोन? त्यांच्या नियमांच्या वहीत तसं काही नव्हतं. आल्हादला कधी सुचलंच नसेल. विश्वेशनं वहीत नवी ओळ लिहिली आणि म्हणाला, चार आणि चार. म्हणजे पळता येईल.

मी त्याला माझंही पात्र करायला लावलंय. गुण काय लिहू म्हणाला, तर म्हटलं, हमाल लिही. रोशनीच्या घरीही जाऊन आलो. ती येते म्हणालीय.

येत्या रविवारी मी आल्हादला एका बाजूनं धरीन, तू दुसऱ्या. पूल ओलांडू आणि पलीकडे दोघं मिळून त्याला खाली ठेवू. मग रजा काढून ये. गडूही तुझ्या हातूनच सोडू. मला एकट्याला जमत नाही गं.

पाच वाजता विश्वेशकडे पोचतो. मी येईपर्यंत पुलावर पाऊल टाकू नकोस.
तुझे बाबा