ह्यांच्या अक्षरातली पाकिटं

टुसॉन, ॲरिझोना
९ नोव्हेंबर १९८७

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

तू पायरीवर आपटलीस हे मला तुझ्याकडून नाही, तुमच्या चर्चच्या बायकांकडून कळलं. शाबास! नणंद काय फक्त नाताळचं कार्ड पाठवायला ठेवलीय?

एप्रिलमध्ये हारलन गेला तेव्हाच म्हटलं होतं, इकडे ये. माझी मागची खोली रिकामी आहे आणि बर्फ इथे औषधालाही नाही. तू आपली दर पत्रात ‘बघू’ म्हणतेस. अगं, कमरेचं हाड मोडल्यावर बघणार का? माझ्या भावाने जन्मात तुला फुलं आणली नसतील, सगळा पगार टपालतिकिटांत घातला, आणि तू त्याच्या घराला चिकटून बसलीस. तिथे तुझं काय अडलंय ते एकदा सरळ सांग.

माझा जीव टांगणीला आहे. उलट टपाली लिही आणि आजवर केलीस तशीच माया करत राहा.

तुझी थोरली नणंद,
आर्डिस

डेकोरा, आयोवा
१७ नोव्हेंबर १९८७

ती. आर्डिस वन्संना,
सा. न. वि. वि.

रागावू नका. काय अडलंय ते सांगते, पण हसायचं नाही.

ह्यांचा सह्यांचा नाद तुम्हाला ठाऊकच. खेळाडूला पत्र लिहायचं, सोबत त्याचं चित्रकार्ड, आणि तिकीट लावून स्वतःचं नाव-पत्ता घातलेलं परतीचं पाकीट. काय तो मनस्ताप! कुणी रबरी शिक्का मारून पाठवायचा, कुणाची सही त्याची बायकोच ठोकायची. एका महाभागाने कार्ड ठेवून घेतलं आणि पाकिटाच्या पाठीवर सही करून धाडलं. बाकीचे तर कार्ड गिळून ढेकरही देत नसत. हे चिडायचे, ताटावरून उठायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाकिटं चिकटवत बसायचे.

गेल्या फेब्रुवारीतही ह्यांनी ढीगभर पत्रं टाकली होती. त्यांची उत्तरं अजून येतात, वन्सं. टपालपेटी उघडावी तर आत ह्यांच्या अक्षरातलं पाकीट. ह्यांनीच ह्यांना पाठवलेलं. सही कुणाची ते मी बघतसुद्धा नाही. तेवढा दिवस बरा जातो.

पत्ता बदलला तर टपाल पुढे धाडतात, असं आमचा टपालवाला म्हणाला. पण नव्या पत्त्याची पिवळी पट्टी नेमकी जुन्या अक्षरावर चिकटवतात म्हणे. मग माझ्या हातात काय राहिलं?

आणि एक उत्तर यायचंय. शेजारच्या गावचा डेल रुझिका आठवतो? बेसबॉलमध्ये पिचर होता तो. ह्यांनी त्याला दर फेब्रुवारीत लिहिलं, तो खेळायचा थांबून संघातल्या नव्या पोरांना शिकवायला लागला तरी लिहिलं. एकदाही उत्तर नाही. हे म्हणायचे, देईल गं, आपल्याकडचा पोरगा आहे. त्याचं पाकीट आल्याशिवाय मला घर सोडवत नाही. वेडी म्हणा हवं तर.

लोभ आहेच. तो माझ्या गुडघ्यांसारखा कुरकुरू नये, एवढंच मागणं.

तुमची भावजय,
व्हर्ना

टुसॉन
११ जानेवारी १९८८

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

हसले नाही. उत्तराला उशीर झाला तो म्हणूनच. लिहायला बसलं की डोळे भरायचे.

आता ऐक. रुझिकाचा संघ दर वर्षी मोसमाआधी सरावाला इथेच येतो. मैदान माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर. येऊ दे मेल्याला! माझ्या भावाला इतकी वर्षं झुलवलंस ते कशाच्या जोरावर, हे मी तोंडावर विचारणार आहे. सही आणते की नाही बघ. मग मात्र तुझं ‘बघू’ मी ऐकून घेणार नाही.

जपून चाल. माझ्यावरचा राग बर्फाबरोबर वितळू दे.

तुझी,
आर्डिस

टुसॉन
५ मार्च १९८८

चि. व्हर्ना हिस,
अ. उ. आ.

गाठला बाई त्याला! कुंपणापाशी सह्या मागणाऱ्यांची झुंबड होती, तिच्यात कोपरं मारत ही म्हातारी घुसली. चांगलं पोट सुटलंय त्याचं. मी सरळ तोंड सोडलं. एक सही करायला हात झडत होते का रे, असं सगळ्यांसमोर विचारलं. हारलनचं नाव घेतलं मात्र, त्याने डोक्यावरची टोपी काढली. काकू, यंदा त्यांचं पत्र का नाही आलं, असं त्यानेच मला विचारलं. मी सांगितलं. तो सह्या सोडून कुंपणाबाहेर आला आणि मला बाजूच्या बाकावर घेऊन बसला.

व्हर्ना, हारलन त्याला काय लिहायचा, तुला माहीत होतं? सही मागायची ओळ अगदी शेवटी. बाकी सगळं गावाकडचं. नदी कधी गोठली, मका कसा आला, चर्चच्या जेवणात कुणाची जर्दाळूची पोळी करपली. त्याच्या आईच्या कबरीवरचं गवत आपण कापून आलो, हेही दर वर्षी. रुझिकाचं तिकडे आता कुणी उरलं नाही. तो म्हणाला, काकू, सह्या जमवणारे सही मिळाली की पुन्हा लिहीत नाहीत. मी सही धाडली असती तर पत्रं थांबली असती. म्हणून नाही धाडली.

आता ह्याला मारू की जवळ घेऊ, मला कळेना. जवळच घेतलं.

पत्रं आणि परतीची पाकिटं, सगळी त्याने घरी जपून ठेवली आहेत. तुला हवी असतील तर एकेका पाकिटात सही घालून पाठवतो म्हणाला. त्याला काय सांगू?

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी,
आर्डिस

डेकोरा
१४ मार्च १९८८

ती. आर्डिस वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र ओट्याशी उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून पोटभर रडले. ह्यांनी उत्तर येत नाही म्हणून जन्मभर हळहळ केली, आणि तिकडे तो बापडा ह्यांच्याच पत्राकडे डोळे लावून बसलेला! आणि लबाडी बघा, कबरीवरचं गवत कापायला जायचे ते मला मासे धरायला जातो सांगून. हात हलवत परत आले की मी टोमणे मारायची.

पाकिटं त्याच्यापाशीच राहू देत. तिथे ती पत्रांसोबत आहेत. आता इथे येतील ती पिवळी पट्टी लावून तुमच्याकडे आली तरी चालतील. खाली अक्षर कुणाचं आहे ते मला ठाऊक आहे.

यंदाचं पत्र राहिलं होतं, ते मी लिहून टाकलं. नदीवरचा बर्फ फुटल्याचं लिहिलं, त्याच्या आईच्या कबरीशी जाऊन आले तेही लिहिलं. पुढची खबर चर्चच्या बायका मला कळवतील, मी त्याला कळवीन. शेवटी सही मागितली, पद्धत मोडायची नाही. परतीचं पाकीट जोडलं, त्यावर नाव माझं घातलं आणि पत्ता तुमचा. मागची खोली झाडून ठेवा. त्याचं उत्तर येईपर्यंत तुमच्याकडे राहीन म्हणते.

वन्सं, मैदानाकडे जाल तेव्हा त्याला माझा निरोप सांगा. सहीची घाई मुळीच नाही म्हणावं.

तुमची,
व्हर्ना