अंगतपंगतीतला दुसरा डबा

प्रिय मुंगे,

लिफ्टमनकाकांचं सलाईन आज सकाळी काढलं. आजारी पडलेले बाकीचे पाचजण परवापासून कामावर येतील. तू रजेवर आहेस, फोन उचलत नाहीस, म्हणून ही बातमी कागदावर. काल मी काकांसाठी मऊ भात घेऊन दवाखान्यात गेले होते. काकूंनी डबा उघडलाही नाही. "नको गं बाई, पुरे झालं तुझ्या हातचं," म्हणाल्या. ऑफिसातल्या वीस वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं.

तुझी पहिली अंगतपंगत आठवते? महिन्याचा शेवटचा शनिवार, नकाशांच्या मोठ्या टेबलावर रद्द झालेले नकाशे उलटे अंथरलेले, आणि घरून आणलेल्या प्रत्येक डब्यापुढे नावाची चिठ्ठी. तुझी उकडून रबरासारखी झालेली अंडी बघून हेडक्लार्क म्हणाले, "पोरी, हे खायचं की ह्याने पेन्सिल खोडायची?" सगळे हसले, तूही हसलीस, आणि मग हात धुवायच्या खोलीत हमसून हमसून रडलीस. आई लहानपणीच गेलेली, तुला शिकवणार कोण? मीच म्हटलं, गप, पुढच्या वेळी तुझाही डबा मी करीन.

ती पुढची वेळ चार वर्षं चालली. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात, नऊला दहा कमी असताना, मी तुझा डबा तुझ्या पिशवीत सरकवायचे. माझ्यात तिखट बेताचं, तुझ्यात चढं, म्हणजे एकच हात आहे हे कुणाला कळू नये. तेच हेडक्लार्क तुझ्या भाजीवर ताव मारून मला म्हणायचे, "बाई, जरा हिच्याकडून शिका!" हसू फुटेल म्हणून आपण एकमेकींकडे बघायचंही टाळायचो. माझ्या सख्ख्या बहिणीलाही मी हे कधी सांगितलं नाही.

म्हणून या वेळी "ताई, मी स्वतः करणार" म्हणालीस, तेव्हा मला कोण कौतुक वाटलं! जिन्यात सांगितलंस, चिकन आदल्या संध्याकाळीच केलंय, पातेलं फ्रीजमध्ये मावेना म्हणून ओट्यावरच राहू दिलं. टेबलावर झाकण उघडलंस तेव्हा मला वास खटकला होता. बोलले नाही. तुझा चेहरा इतका फुललेला होता. ती चूक माझी, ती मी कुणावर ढकलणार नाही. उलट दोनदा वाढून घेतलं आणि रविवार अंथरुणात काढला.

सोमवारी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, ते चिकन कुणाचं? चिठ्ठी तुझ्या नावाची होती. माझ्याकडे न बघता तू म्हणालीस, "नाव माझं असतं साहेब, पण करून ताई आणतात. चार वर्षं. विचारा त्यांनाच." साहेब वळले, "खरं का हो?" माझ्या तोंडून "हो" गेलं, कारण चार वर्षांचं ते खरंच होतं. "पण या वेळी..." म्हणेपर्यंत खुर्च्या सरकल्या होत्या. तू धादांत खोटं बोलली असतीस तर मी भांडले असते. मी तुझ्यासाठी जे लपवून केलं, तेच तू माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडलंस.

तुझी नोकरी कायम करण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, हे मला ठाऊक आहे. घाबरलीस, तेही कळतं. पण काल काकूंनी तो डबा माझ्या हातात परत ठेवला, तेव्हा ठरवलं. उद्या मला लेखी जबाब द्यायचा आहे. त्यात मी सगळं लिहीन: चार वर्षं, जिन्यातलं तुझं बोलणं, मला आलेला वास आणि माझं गप्प बसणं. तुला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून पत्र तुझ्या घरमालकिणीच्या हाती देतेय, आजच मिळेल. साहेब दहाला येतात. मला अकराला बोलावलंय. मधला तास तुझा.

अजून तरी तुझीच,
ताई