करड्याच्या नावे आलेले पत्र

नेक्रासोव्का, ३ ऑक्टोबर १९७२

चि. करड्यास,

अनेक आशीर्वाद. वि. वि. हे पत्र दादाकडून मोठ्याने वाचून घे. वयात आलेल्या भावाबहिणीने एकमेकांशी बोलू नये, ही आपली निव्ख लोकांची रीत. घरात तू कुत्रा होतास म्हणून आमचे निभले. त्याला मीठ हवे असले की तो तुला सांगे, आणि मी उठे.

अख्खे तिग्वो गाव उठून इथे आले. शाळा, दुकान, वीज, सगळे इथेच. तिथे आता तू, दादा आणि त्याचा खोकला. महिनाअखेरीस बोट बंद होईल, मग खाडी गोठेल. माझी एक खोली रिकामी आहे, हे त्याला सांग. सुकवलेला मासा कोणासाठी टांगून ठेवला आहे, ते विचारू नकोस. कुत्र्यांना सगळे कळते.

तुझा आणि ऐकणाऱ्याचा लोभ असावा.

अन्फिसा

तिग्वो, ११ ऑक्टोबर

श्रीमती किटलीबाईंस,

सा. न. वि. वि. तिथे कुत्रा नाही, आणि तू आईच्या चुलीवरची जुनी किटली, म्हणून तुलाच लिहितो. तुझ्या बाईंना सांग, खोकला बरा आहे. त्या लहानपणापासूनच घाबरट. गाव उठले म्हणून समुद्राने उपाशी राहायचे काय? मासे धरण्याआधी त्याला तंबाखू कोण वाहणार?

शिवाय तिथे म्हणे घरात कुत्रे घेत नाहीत. करड्या बाहेर बांधलेला, आत आम्ही दोघे. मग मी मीठ मागायचे कोणाकडे?

तुझ्या वाफेइतकी तरी माया असू दे.

पिम्गुन

तिग्वो, १९ ऑक्टोबर

किटलीबाईंस,

करड्या गेला. म्हातारा झालाच होता. लार्चच्या झाडाखाली पुरला, तोंड खाडीकडे ठेवले.

परवाच्या बोटीने त्याच्या नावे बाईंचे आणखी एक पत्र आले. दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडू नये, म्हणून ते फळीवर तसेच आहे. बाईंनी आता लिहिण्याची तसदी घेऊ नये. वाचून घेणारा राहिला नाही.

पिम्गुन

नेक्रासोव्का, २३ ऑक्टोबर

ती. दादास,

सा. न. वि. वि. हा मायना लिहिण्यात सबंध संध्याकाळ गेली. शेजारच्या म्हाताऱ्या नाके मुरडतील. आई असती तर पाठ फिरवून बसली असती.

फळीवरचे पत्र फोड. त्यात नवे काही नाही. ये, एवढेच आहे. तुझा चेहरा मी लहान असताना पाहिला, पुढे सगळी वर्षे फक्त हात पाहिले. खिडकीपाशी दोन स्टुले मांडली आहेत, दोन्ही खाडीकडे तोंड करून. तू पाण्याशी बोल, मीही पाण्याशी बोलेन. तंबाखू इथूनही वाहता येईल.

बोटीच्या दोनच फेऱ्या उरल्या. किटली कधीच काही बोलत नव्हती रे. ती फक्त उकळत होती. वाट मी पाहत होते.

तुझी,
अन्फिसा

तिग्वो, २६ ऑक्टोबर

चि. अन्फिसास,

अनेक आशीर्वाद. दोन्ही पत्रे फोडली. करड्याचे त्याच्या झाडाखाली बसून मोठ्याने वाचले.

शेवटच्या फेरीने येतो. घराला कडी घालून निघेन. ते आता कोणाची वाट पाहणार नाही. स्टुले जरा लांब लांब मांड.

मीठ मध्ये ठेव.

दादा