सहलीला रिकाम्या हाताने

नाना, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा आवाज आठवायचा तर आधी तुमचं एखादं वाक्य आठवावं लागतं. म्हणून आढेवेढे न घेता विचारते. आणीबाणी उठल्यानंतरच्या त्या हिवाळ्यात, एका रविवारी सकाळी, मैत्रिणींबरोबर पांडवलेणीला सहलीला जाते असं सांगून मी घरातून निघाले. मी लग्न करायला निघाले होते, हे तुम्हाला ठाऊक होतं का? तुमच्यासारख्या माणसाला ठाऊक नसेल हे मला पटत नाही. आणि ठाऊक असूनही तुम्ही मला जाऊ दिलंत, हे तर त्याहून पटत नाही.

तुम्ही सातपूरच्या कारखान्याच्या गेटवर झडतीला होतात. शिफ्ट सुटली की माणसं हात वर करून तुमच्यासमोरून जायची, तुम्ही खिसे चाचपायचात, डबा हातात घेऊन नुसता तोलायचात आणि मग झाकणावर बोटांनी टकटक करून म्हणायचात, "चला." ती सवय तुम्ही घरीही आणली होती. आई बाजारातून आली की पिशवी तुमच्या हातात जायची आणि आत काय काय आहे ते तुम्ही न बघता सांगायचात. भावाच्या दप्तरात पतंगाचा मांजा आहे हे तुम्ही दारातूनच ओळखलं होतं. माझ्या पिशवीला मात्र तुम्ही कधी हात लावला नाहीत. गेटवर बायकांची झडती बाईच घ्यायची, पुरुषाने त्यांच्या सामानाला शिवायचं नाही असा नियम होता, आणि मी मॅट्रिक झाल्यावर तुम्ही तो घरातही लागू केला. आईला याचं कौतुक होतं. मला वाटायचं, माणूस हात लावत नाही म्हणजे डोळ्यांनी दुप्पट बघत असणार.

जेवताना तुम्ही चोऱ्यांच्या गोष्टी सांगायचात. कुणी तांब्याची तार कमरेला गुंडाळून वर सदरा घातला, कुणी पितळेचे तुकडे भाताखाली लपवले. तुम्ही हसत नसायचात, पण डोळ्यांत मजा दिसायची. "एकदम नेणारा लगेच सापडतो," तुम्ही म्हणायचात. "थोडं थोडं नेणारा लय दिवस टिकतो." भावाला त्या गोष्टींचा कंटाळा यायचा. मी मात्र मन लावून ऐकत होते, कारण मला घरातून स्वतःला न्यायचं होतं.

ज्यांना तुम्ही शेवटपर्यंत जावई म्हटलं नाहीत, ते तेव्हा मनमाडला रेल्वेत होते. माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीचे ते मावसभाऊ. ते बौद्ध, आपण सिन्नरकडचे शेतकरी मराठे, त्यामुळे तुमच्यासमोर बसून बोलणं होण्यासारखं नव्हतं. कचेरीत लग्न लावायचं तर तिथे आधी नोटीस लागते आणि ती वाचायला आपल्या भावकीतलं कुणी ना कुणी हटकून येणार. देवळात लावायचं तर पंचवटीतल्या भटजींना तुमच्या तीन पिढ्या तोंडपाठ. मग हेच म्हणाले, लेण्यांच्या डोंगरावर लावू. तिथे भिंत नाही, दार नाही, आपल्याला कोण अडवणार? पायऱ्यांच्या अर्ध्यावर बाजूला एक कडुनिंब होता, त्याच्या खालून शेतं आणि मुंबईचा रस्ता दूरवर दिसायचा. ह्यांचे एक मित्र शाळामास्तर होते, त्यांना वंदना आणि मंगल गाथा पाठ होत्या. बुद्धाची लहानशी मूर्ती, मेणबत्त्या, फुलं आणि पांढरी साडी, एवढ्यावर लग्न लागतं हे ऐकून मला आधी संशयच आला. इतकं सोपं असेल तर ते लग्न मोडणंही सोपं असेल, असं माझं डोकं चालायचं. तुमचंच डोकं, नाना.

त्या दिवसांत मला सगळं जग खबऱ्यांचं वाटत होतं. पांढरी साडी घ्यायला मेनरोडवर गेले तर दुकानदाराने माझ्या कोऱ्या कपाळाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं, ताई?" मी म्हणाले, "आजी." त्याने हळहळत साडी बांधून दिली आणि मी घरापर्यंत धास्तावले, हा तुम्हाला ओळखत असेल आणि सांत्वनाला घरी येईल म्हणून. हारवाल्याकडे दोन सारखे हार सांगायची छाती झाली नाही, तेव्हा मास्तरांनी शाळेच्या कार्यक्रमाला म्हणून ते आणायचं ठरलं. मास्तरांचाही मला भरवसा नव्हता. खरं सांगते, ह्यांचाही नव्हता. मनमाडची गाडी चुकली असं कारण सांगून माणूस सहज गायब होऊ शकतो.

सामान मी थोडं थोडं हलवलं. रोज सकाळी बसने ऑफिसला जाताना डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली एखादी वस्तू. आधी सर्टिफिकिटं, मग ब्लाउज, आजीची चांदीची जोडवी, आईचा आणि तुमचा फोटो. मैत्रीण ते सगळं स्वतःच्या कपाटात ठेवायची. तुम्ही पहिल्या पाळीला नसलात की दारातच खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असायचात, आणि मी तुमच्यासमोरूनच जायची. तुमची मान वर व्हायची नाही. शेवटच्या दिवशी जरा मोठी पिशवी न्यायची असा माझा बेत होता, रोजच्या साड्या आणि ती पांढरी त्यात घालून.

आणि बरोबर त्याच आठवड्यात जेवताना तुम्ही ती गोष्ट सांगितलीत. वर्षानुवर्षं थोडं थोडं नेणारा कुणी एक, नोकरी सोडताना शेवटच्या दिवशी लोभाने पिशवी भरून निघाला आणि सापडला. भाकरी मोडता मोडता तुम्ही म्हणालात, "ज्याला कायमचं जायचंय, त्याने शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने जावं. रिकाम्या हाताला कोण धरतंय?" आई म्हणाली, "आता चोरांना शिकवा तुम्ही." माझा घास तोंडातच राहिला. मी बेत बदलला. पांढरी साडी दुसऱ्याच दिवशी मैत्रिणीकडे गेली आणि रोजच्या साड्या आईच्या ट्रंकेतच राहिल्या.

मग ती रविवारची सकाळ. मी स्वेटर घालते आहे, आई चुलीपाशी आहे, तुम्ही खुर्चीत. थंडी मरणाची. तुम्ही पेपर खाली करता आणि माझ्या हातांकडे बघता.

"सहलीला, आन् रिकामीच चालली?"

"मैत्रिणी आणणारेत सगळं."

"बरं," तुम्ही म्हणता आणि पुन्हा पेपर वर करता. मी फाटकापर्यंत पोचते तेव्हा मागून खुर्चीच्या लाकडावर बोटांची टकटक ऐकू येते. की मला तसं वाटतं. मी वळून पाहत नाही, कारण पाहिलं असतं तर माझे पाय तिथेच अडकले असते.

डोंगरावर लग्न लागलं. ह्यांची गाडी वेळेवर आली होती. वाऱ्याने मेणबत्त्या सारख्या विझत होत्या आणि मास्तर न थांबता म्हणत होते. मी पांढऱ्या साडीत कुडकुडत पायऱ्यांवरून येणाऱ्या प्रत्येक माणसात तुम्हाला शोधत होते. एका सायकलवाल्याला खाली रस्त्यावर थांबलेला पाहून मी ह्यांचा हात सोडला होता. तो दुसराच कुणी निघाला. मला हायसं वाटलं, आणि लगेच रडूही आलं.

पुढचं आईने सांगितलं, बाजारात चोरून भेटायची तेव्हा. "तुझ्या बापाला गेटवर लय बोलले गं. एक जण हात वर करून म्हणला, मामा, आमचे खिसे काय चाचपता, घरचं दार सांभाळा. सगळे हसले. हे घरी आले तर जेवले नाय." तुमचा अभिमान एकच होता, की तुमच्या हाताखालून काही बाहेर गेलं नाही. भावकीला तुम्ही सांगितलंत, "मला कल्पना नव्हती." मला राग आला होता. मनात वाईट वाईट यायचं, की लग्नाचा खर्च वाचला आणि दोषही पोरीच्या माथी गेला, म्हणून तुम्ही डोळेझाक केलीत. आईला विचारलं, नानांना माहीत होतं का? ती म्हणाली, "तूच विचार की."

विचारायची संधी तुम्ही दिलीही होतीत. रिटायर झाल्यावर एकदा न कळवता इंदिरानगरच्या आमच्या घरी आलात. तेव्हा तिथे निम्मी शेतंच होती. चहा घेतलात, ह्यांच्याशी मनमाडच्या गाड्यांबद्दल बोललात, घर नजरेने चाचपलंत. निघताना मी आईसाठी लाडवांचा डबा पिशवीत घालून दिला. दारात तुम्ही थांबलात. पिशवीचं तोंड उघडून माझ्यापुढे धरलंत, दुसरा हात वर केलात आणि म्हणालात, "बघून घे."

मला तो टोमणा वाटला. तू काय काय नेलंस ते मला ठाऊक आहे, असा. मी म्हणाले, "राहू द्या, नाना. बस चुकेल." तुम्ही हात खाली घेतलात आणि गेलात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही कायमचेच गेलात.

हे पत्र कुठे धाडणार? वाचून झालं की फाडून टाकीन. पण फाडायच्या आधी एक कबूल करते. त्या महिन्यात रोज सकाळी तुमच्या खुर्चीपाशी मी चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावायचे. पिशवी तुमच्या गुडघ्याला लागेल अशी धरायचे. तुम्ही एकदा तो नियम मोडून हात घालावा, आणि मला सगळं सांगावं लागावं, म्हणून. आता वाटतं, इंदिरानगरच्या त्या दारात पिशवी उघडून उभे होतात, तेव्हा तुम्हीही जरा जास्तच वेळ थांबला होतात.