खूण पुसणारा फोन

५ फेब्रुवारी
नवा फोन आला. घरून काम, पण लक्ष सगळं त्यातच. संध्याकाळी बाल्कनीतून चंद्र काढला, तर मला न दिसलेले खड्डेही दाखवले. भलताच शहाणा. केबल्सचा खण आजही आवरला नाही. यंत्रं केव्हाच गेली, केबल्स टाकवत नाहीत.
आईचं नागपूरहून फर्मान, स्थळासाठी फोटो पाठव. नव्या फोनने एक काढला, पाठवला.

७ फेब्रु.
लॅपटॉपवर तो फोटो मोठा करून पाहिला. डाव्या गालावरची जन्मखूण गायब. चिंचोक्याएवढी, गडद, एकतीस वर्षं सोबत आहे. फोनने परस्पर पुसली. चेहरा सुंदर करायचं सेटिंग म्हणे, कंपनीतूनच चालू. सापडायला वीस मिनिटं लागली. बंद केलं.
आईला फोन केला, तर तिने फोटो आधीच पुढे धाडलेला. मुलगा पुण्याचा, पण इथे माझ्याच शहरात, जयनगरला आईसोबत राहतो. त्यांना पसंत, एकवीसला बघायला येणार. म्हटलं, तो माझा चेहरा नाही. तर म्हणे, "चांगला फोटो आला तर तुला काहून त्रास होऊन राहिला? डाग तेवढा दिसत नाही, इतकंच तर आहे."
डाग! लहानपणी हीच त्याची रोज पापी घ्यायची. जत्रेत हरवलीस तरी यावरून ओळखेन, म्हणायची.
रडले. मग राग आला. राग बरा.

१० फेब्रु.
खरा फोटो काढणार, जुन्या कॅमेऱ्याने. समोर असेल तेच काढतो बिचारा. पण ट्रायपॉडचा स्क्रू हरवलेला. हाफ डे टाकून चिकपेटचा बाजार गाठला. पाच हार्डवेअरवाल्यांनी सांगितलं, नवा ट्रायपॉड घ्या. का घेऊ? सहाव्या दुकानातल्या कानडी म्हाताऱ्याने "स्वल्प इरी", जरा थांबा, म्हणत डबाच उपडा केला, एकेक स्क्रू फिरवून पाहिला. बसला एक. "सरी ना, अक्का?" एकदम सरी, अगदी बरोबर. मेट्रोत ट्रायपॉड मांडीवर घेऊन मिरवत आले.

१२ फेब्रु.
खिडकीचा उजेड, टायमर दहा सेकंद. पहिल्या अकरा फोटोंत मी भांडायला उभी. बाराव्यात मी.
आईने दोन्ही घरांचा ग्रुप केलाय, तिथे टाकला. खाली लिहिलं, आधीचा फोनने काढला होता, हा मी काढलाय.
सगळ्यांनी पाहिला. उत्तर कुणाचंच नाही. आई फोन उचलत नाही. पण डिलीट करणार नाही.

१३ फेब्रु.
मुलाच्या आईचा मेसेज, ठरल्याप्रमाणे एकवीसला तुमच्याकडे येतो. पुढे काही नाही. मुलाकडून एक अक्षर नाही. पसंती की नुसता सभ्यपणा, कोण जाणे. ते त्यांनी बघावं.

२० फेब्रु.
आई आली. पर्समधून ट्यूब काढली, डाग झाकायची, अगदी माझ्या रंगाची. फक्त उद्यापुरतं लाव, म्हणाली. नाही म्हटलं. जेवणं झाली.
मग तिनेच नवा फोन मागितला. दोघींचा सेल्फी काढला. स्वतःच्या सुरकुत्या बघून म्हणाली, "ते गुळगुळीत करायचं लाव ना."
"नाही लावणार. मग तू माझी आई दिसत नाहीस."
तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी स्वतःचा चेहरा, मग सरकवत माझा गाल. तिथे बराच वेळ थांबली.
ट्यूब टेबलावर आहे. तिने परत पर्समध्ये टाकली नाही, मी हात लावलेला नाही. उद्या अकराला ते येणार. जुना कॅमेरा चार्जिंगला लावलाय, उद्याचे फोटो त्यानेच.