खालचा सी

प्रिय दादा,

फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो" म्हणतोस आणि तुझं ते 'नंतर' काही उजाडत नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र तरी मधेच कट करता येणार नाही तुला. हसू नकोस, मी दमलेय. सकाळी आईचं इन्सुलिन, मग हुपरीची एसटी, शाळेत दिवसभर पोरांशी डोकेफोड, येताना पुन्हा एसटीत उभं राहून कोल्हापूर. घरी आले की आईच्या डोळ्यांत औषधाचे थेंब. साखरेनं डोळ्यांचा पडदा खराब केलाय, आहे तेवढी नजर टिकवा, असं डॉक्टर म्हणतात. समोर कुणीतरी उभं आहे एवढं तिला दिसतं. कोण ते आवाजावरून ओळखते.

गिटार मात्र मी सोडली नाही. तू पुण्याला गेलास तेव्हा मी तीन सुरांच्या साध्या कॉर्डमध्येच अडखळत होते. आता नाइन्थ, इलेव्हन्थ, थर्टीन्थ अशा लांबलचक कॉर्डपर्यंत चढते, एकेक सूर सुटा छेडत. करंगळी अजून नखरे करते आणि फळा पुसून दुखणारं मनगट तिला साथ देतं. पण सुरुवात अजून तुझ्याच पद्धतीनं करत होते. तू म्हणायचास, मूळ सूर माझ्या बास गिटारवर सोड, तू तिसऱ्या सुरापासून उचल, एकच दळण दोघांनी कशाला दळायचं? तू होतास तोवर ते शोभायचं. खाली तुझा मूळ सूर, सी, घुमायचा, वर माझे ई, जी, बी, डी, की झाला भरदार सी मेजर नाइन. तू गेल्यावर तेच चार सूर एकटे वाजवले तर नुसता ई मायनर सेव्हन होतो. बोटं तीच, जागा त्याच, आणि ऐकायला रडका. तरी हट्टानं तसंच वाजवत राहिले. तुझी जागा मी का भरू? राग होता रे तुझा. आहे अजून.

मागच्या महिन्यात माझ्या गिटारचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प बिघडला. दुरुस्तीला न्यायचं त्राण नव्हतं, म्हणून तुझ्या बासच्या अ‍ॅम्पवरची धूळ झटकली आणि गिटार त्याला जोडली. त्या संध्याकाळी मला त्या रडक्या सुरांचा इतका कंटाळा आला की जाड तारेवरचा सी दाबला आणि तिथूनच वर चढले. तू वाजवायचास तशी आतली खोली घुमली. खूप दिवसांनी काहीतरी पुरं झाल्यासारखं वाटलं.

तुला आठवतं, वाजवताना कुणी आत आलं की तू खेकसायचास? म्हणून आई चहा उंबऱ्यावर ठेवायची, दारावर बांगडी वाजवायची आणि निघून जायची. त्या संध्याकाळी बांगडी वाजली. दार उघडलं तर उंबऱ्यावर दोन कप. आई भिंत धरून परत निघाली होती. माझी चाहूल लागली तशी कुजबुजली, "आलाय न्हवं त्यो? वाजवू दे. दमून आला असंल, मी न्हाय हाक मारत."

मी दोन्ही कप उचलून आत आणले, दादा. खरं काय ते उद्या सांगू म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ती भाकऱ्या थापताना गुणगुणत होती. तेव्हापासून रोज मी दोघांचं वाजवते आणि दोन्ही कप मीच पिते. तुझा दोन चमचे साखरेचा चहा घशाखाली उतरत नाही, पण ओतून द्यायचा तरी कसा? ती तुझं ताट मांडत नाही, अंथरूण घालत नाही, फक्त चहा ठेवते. कधीकधी वाटतं, तिला सगळं ठाऊक आहे आणि ती मलाच सांभाळून घेतेय.

काल मात्र कप ठेवून ती गेली नाही. दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, "प्रीती, इचार की त्याला, माझ्यासंगं बोलाय कधी सवड हाय?" विचारते, म्हटलं तिला. म्हणून हे पत्र. तुझ्या बासच्या तारा गंजल्यात, मी नव्या आणून ठेवते. या रविवारी ये. वाजवलं नाहीस तरी चालेल, आधी तिच्यासमोर बस आणि बोल. तुझा चहा तू पी रे आता, माझ्याच्यानं नाही होत.

तुझीच, दमलेली,
प्रीती